अल्ट्रा मॅरेथॉन: किलोमीटरचा आकडा बाजूला ठेवून आधी काय वाचायचं?

थंडीची चाहूल लागली की नाशिकच्या गंगापूर रोडवर पहाटे धावणाऱ्यांची गर्दी वाढते आणि माझ्या फोनवर ठरलेला प्रश्न येऊ लागतो. "ताई, २१ दोनदा झालं, मागच्या वर्षी ४२ पण झालं. आता ५०चं रजिस्ट्रेशन सुरू झालंय. भरू का?" या महिन्यात चौघांनी विचारलं. चौघांनाही मी उलट विचारलं, "चढाई किती आहे? कटऑफ काय आहे?" शुल्क सगळ्यांना पाठ होतं, मेडल कसं दिसतं तेही माहीत होतं. एकूण चढ किती आणि शर्यत किती वेळात संपवायची, हे दोन आकडे मात्र एकालाही सांगता आले नाहीत.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. माझी पहिली ५० किलोमीटरची शर्यत मीही अशीच, नुसतं अंतर पाहून भरली होती. डोंगरातली होती. ३६व्या किलोमीटरला मांड्या इतक्या आखडल्या की उतारावर पाय टाकवेना. पुढच्या थांब्यावर पोचले तेव्हा वेळ संपली होती. तिथला स्वयंसेवक हळू आवाजात "बिब द्या ताई" म्हणाला, म्हणजे छातीवरचा शर्यतीचा नंबर परत मागितला, ते अजून कानात आहे. त्या दिवसाआधी मला जे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

अल्ट्रा म्हणजे नक्की किती?

मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. हा विचित्र आकडा १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधून आला आणि १९२१ मध्ये कायमचा ठरला. त्याहून लांबची कुठलीही शर्यत म्हणजे अल्ट्रा. ५० किलोमीटर ही अल्ट्रा, आणि ग्रीसमध्ये अथेन्सहून स्पार्टापर्यंत धावतात ती २४६ किलोमीटरची स्पार्टाथलॉनही अल्ट्राच. म्हणजे "मी अल्ट्रा धावणार" हे वाक्य "मी गाडीने बाहेरगावी जाणार" इतकंच सांगतं. सिन्नरला की कन्याकुमारीला, ते त्यातून कळत नाही.

काही शर्यतींत अंतर ठरलेलं असतं: ५०, ८०, १००, १६० किलोमीटर. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स या प्रकारातली सगळ्यात जुन्या शर्यतींपैकी एक. १९२१ पासूनची, डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधली, जवळपास ९० किलोमीटरची, आणि १२ तासांत संपवावी लागणारी. दुसऱ्या प्रकारात वेळ ठरलेली असते: स्टेडियममध्ये किंवा छोट्या वळशावर १२ किंवा २४ तास फिरत राहायचं, जितके किलोमीटर होतील तितके तुमचे. बॅकयार्ड नावाचा एक तिसराच प्रकार आहे. त्यात दर तासाला ६.७ किलोमीटरची एक फेरी, आणि शेवटचा एक माणूस उरेपर्यंत शर्यत चालू.

हे परदेशी खूळ आहे असं कुणी म्हटलं की मला माझ्या सासूबाई आठवतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची, त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी त्यांनी कित्येक वर्षं केली. लहान फेरी साधारण २० किलोमीटरची, मोठी जवळपास दुप्पट. भर पावसात, चिखलातून. त्यांच्या पिशवीत केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि मिठाची पुडी असायची. चढावर हळू, सपाटीला झपझप, आणि भूक लागायच्या आधी खायचं. मी पहिल्यांदा ५०चं नाव काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, पण धावतेस कशाला एवढं? चालत गेलीस तरी पोचशीलच की." त्यांच्या या वाक्यात अल्ट्राचं अर्धं तंत्र होतं. मला ते कळायला एक शर्यत हरावी लागली.

४२ जमलं, मग आणखी ८ का नाही जमणार?

हा सगळ्यात नैसर्गिक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शरीराच्या इंधनात आहे. धावताना शरीर मुख्यतः दोन ठिकाणांहून इंधन घेतं. एक ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. दुसरी चरबी. नाशिक जिल्ह्यात हे समजावणं सोपं आहे. ग्लायकोजेन म्हणजे स्वयंपाकघरातली कांद्याची टोपली आणि चरबी म्हणजे शेतातली कांदाचाळ. चाळीत कांदा भरपूर, पण एका खेपेत डोक्यावर जेवढा मावेल तेवढाच घरी येणार. चौघांचा स्वयंपाक असेल तर चाळीतून आणलेल्यावर भागतं, टोपली हळूहळू उतरते. दारात पंगत बसवली तर चाळ कितीही भरलेली असली तरी टोपलीच आधी रिकामी होणार. जोरात धावणं म्हणजे पंगत बसवणं.

आता हिशोब. सपाट रस्त्यावर धावताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी लागते. ६० किलो वजनाच्या बाईला ५० किलोमीटरसाठी ३,००० किलोकॅलरी लागणार. ग्लायकोजेनच्या टोपलीत असतात साधारण १,६०० ते २,०००. म्हणून ३० किलोमीटरच्या आसपास अनेकांचे पाय एकदम शिशाचे होतात. धावणारे त्याला "वॉल" म्हणतात. मॅरेथॉनमध्ये त्यानंतर दहा-बारा किलोमीटर दात-ओठ खाऊन काढता येतात. अल्ट्रामध्ये भिंतीपलीकडे २० असतील, कदाचित ७० असतील.

यावर दोनच उपाय आहेत: पंगत बसवू नका, आणि टोपली वाटेत भरत राहा. पहिल्यासाठी साधी खूण अशी की धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलताना दम तुटायला लागला की वेग जास्त आहे. दुसऱ्याबद्दल पुढे येतेच.

मग शर्यत निवडायची कशी?

आधी चढाई पाहा. चढाई आणि उंची यांत लोकांचा फार गोंधळ होतो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, पण बारी गावातून निघालात तर गाव जितकं उंचावर आहे तितकं त्यातून वजा होतं. उलट एखादी वाट कुठेच फार उंच जात नाही, पण दिवसभर वर-खाली करते; तिथे प्रत्येक चढ जमा होत जातो आणि एकूण बेरीज भलतीच निघते. शर्यतीच्या माहितीत जी "एलेव्हेशन गेन" लिहिलेली असते, ती ही बेरीज.

डोंगरात धावणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा एक सोपा हिशोब आहे: दर १०० मीटर चढाईला १ किलोमीटर जास्त धरायचा. माझ्या त्या शर्यतीत ५० किलोमीटरमध्ये २,००० मीटर चढाई होती. म्हणजे ती ७० किलोमीटरची शर्यत होती, आणि मी त्र्यंबक रस्त्यावर ५०ची तयारी करून गेले होते.

त्यानंतर कटऑफ, म्हणजे वेळेची मर्यादा. ५० किलोमीटरला ८ तास असतील तर किलोमीटरला ९ मिनिटं ३६ सेकंद मिळतात. झपाझप चालणारा माणूससुद्धा १० ते ११ मिनिटांत किलोमीटर काढतो, त्यामुळे हा आकडा फार उदार वाटतो. आता आठ थांब्यांवर पाच-पाच मिनिटं धरा. ४० मिनिटं गेली. उरलेल्या वेळेत किलोमीटरला ८ मिनिटं ४८ सेकंद. आणि चढाई धरून अंतर ७० झालं असेल तर ६ मिनिटं १७ सेकंद! तेही आठ तास सलग. माझी शर्यत मी घरी, फॉर्म भरतानाच हरले होते. बहुतेक ठिकाणी मधल्या टप्प्यांनाही वेगळी मर्यादा असते, ती बारीक अक्षरात असते, तीही वाचा.

तिसरं हवामान, आणि इथे नाशिककर हमखास फसतात. आपण डिसेंबरात दहा-बारा अंशांच्या कोरड्या थंडीत तयारी करतो आणि जानेवारीत मुंबईला जातो. तिथे थर्मामीटर काही अंश वर असतो, त्यात हवा दमट, आणि अंगातली ताकद वीस किलोमीटरमध्ये निघून जाते. दमटपणाने असं का होतं, ते माठाला विचारावं. नाशिकच्या उन्हाळ्यात माठातलं पाणी छान गार होतं, कारण कोरड्या हवेत बाहेर झिरपलेलं पाणी लगेच उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. तोच माठ मुंबईच्या दमट हवेत नावापुरता गार होतो. आपलं अंग म्हणजे माठच. दमट हवेत घाम येतो, पण उडत नाही, नुसता ओघळतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. म्हणून किनाऱ्यावरची शर्यत असेल तर शेवटचे दोन आठवडे काही धावा पहाटेऐवजी सकाळी दहानंतर, कमी अंतराच्या आणि हळू कराव्यात.

माझं स्पष्ट मत विचाराल तर पहिली अल्ट्रा म्हणून १२ तासांची, छोट्या वळशावरची शर्यत घ्या. पाणी दर वळशाला समोर येतं, वैद्यकीय मदत हाकेच्या अंतरावर असते, आणि मधल्या कटऑफचा धाक नसतो. जितकं अंतर होईल तितकं नावावर लागतं. वळसे कंटाळवाणे असतात हे खरं, पण तो कंटाळा सोसायला शिकणं हाही तयारीचाच भाग आहे. नंतर लोणावळ्याच्या डोंगरी रस्त्यांवरची ५० किलोमीटर. सिंहगड-राजगड-तोरणा जोडणाऱ्या शर्यतीसारख्या सह्याद्रीतल्या वाटा त्याच्याही नंतर. लडाखची ७२ किलोमीटरची खारदुंग ला चॅलेंज हे पुष्कळ पुढचं स्वप्न आहे: ती खिंड ५,३०० मीटरपेक्षा उंच आहे, आणि तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो.

तयारी: सेंट्रिंग लवकर काढू नका

हृदय आणि फुप्फुसं पटकन तयार होतात. सहा आठवड्यांत दम वाढल्याचं जाणवतं. स्नायूंना त्याहून वेळ लागतो, आणि स्नायू हाडाला जोडणारे कंडरे आणि खुद्द हाडं यांना काही महिने. घर बांधलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. स्लॅब वरून दुसऱ्याच दिवशी कडक दिसतो, म्हणून कुणी सेंट्रिंग काढत नाही. आठवडेच्या आठवडे पाणी मारतो. बऱ्याच दुखापती दम तयार आणि पाय कच्चे, या मधल्या काळात होतात.

४२ किलोमीटर आरामात झालेल्या माणसाने ५०साठी किमान १६ आठवडे द्यावेत. आठवड्याला चार दिवस धावणं, हळूहळू ६०-६५ किलोमीटरपर्यंत, आणि दर चौथा आठवडा मुद्दाम हलका. सरावात ५० किलोमीटर धावायची गरज नाही. त्यातून बरं व्हायला इतके दिवस जातात की पुढचा सराव बुडतो. त्याऐवजी "बॅक-टू-बॅक" करतात: शनिवारी २८, रविवारी थकलेल्या पायांनी १८. रविवारचे पहिले तीन किलोमीटर जड जातात, आणि शर्यतीतला ३५वा किलोमीटर असाच असतो. शेवटचे दोन-तीन आठवडे टेपर, म्हणजे धावणं निम्म्यावर आणायचं. या दिवसांत हातपाय शिवशिवतात, आपण सगळं विसरलो असं वाटतं. तसं काही झालेलं नसतं.

नाशिकमध्ये राहणं यासाठी भाग्याचं आहे. सपाटीला गोदाकाठ आणि गंगापूर धरणाचा रस्ता, लांब अंतराला त्र्यंबक रस्ता, पायऱ्यांना पांडवलेणी, खऱ्या चढ-उताराला अंजनेरी. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे काही रस्त्यांवर खोदकाम आणि डंपर आहेत, तेव्हा अंधारात हेडलॅम्प आणि चमकणारा पट्टा लावाच. आणि मखमलाबाद, गंगापूरच्या मळ्यांकडे उजाडण्याआधी एकट्याने जाऊ नका, कानात गाणी तर नकोच. उसाच्या बाजूला बिबट्या असतो, हे इथल्या शेतकऱ्यांना विचारा.

उताराचा सराव सगळेच टाळतात, म्हणून त्यावर दोन शब्द जास्त. कसारा घाट चढताना ट्रकचं इंजिन तापतं आणि उतरताना ब्रेक तापतात. आपल्या मांडीचा पुढचा स्नायू हा आपला ब्रेक आहे. उतरताना तो ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि त्यामुळे त्याचे तंतू सूक्ष्म पातळीवर फाटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, ते यामुळे. चांगली गोष्ट अशी की एकदा उतारावर नीट सराव केला की पुढचे काही आठवडे तोच स्नायू कमी दुखावतो. म्हणून अंजनेरी चढून, खाली मोटारसायकलवर येऊ नका. शर्यतीच्या चार-पाच आठवडे आधी दोन-तीनदा हळू पळत उतरा.

किती खायचं, किती प्यायचं?

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थांतून मिळणारी ऊर्जा. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. त्यामुळे एक केळं आणि वर दोन-तीन खजूर किंवा मूठभर मनुका, एवढं दर तासाला. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, सगळं चालतं. पाकिटातल्या महागड्या एनर्जी जेलने बिघडत नाही, पण त्यावाचून अडतही नाही. धावताना रक्त पायांकडे जातं आणि पोटाकडे कमी, म्हणून घरी पचणारा पदार्थ तिथे उलटू शकतो. जे शर्यतीत खायचं तेच दर शनिवारी धावताना खाऊन पाहा. पोटालाही सराव लागतो.

पाण्याबद्दल एक गैरसमज जिवावर बेततो. "भरपूर पाणी पी" हा आपल्याकडचा प्रेमळ सल्ला अल्ट्रामध्ये धोक्याचा ठरू शकतो. घामातून मीठ जातं. वर नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, मग गोंधळलेलं बोलणं, आणि टोकाला झटके. २००२च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. तहान लागेल तसं पाणी प्या, मध्ये मीठ-साखर-लिंबाचं सरबत घ्या. आपला घाम किती जातो हे घरीच कळतं: तासभर धावण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं.

आणि बायकांसाठी खास: आधी हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्तच कमी असेल तर सराव वाढवून दम येत नाही, आणि आपण उगाच स्वतःला आळशी ठरवत बसतो. माझ्या गटातल्या दोघींचं असं झालं. गोळ्या सुरू झाल्यावर तीन महिन्यांत त्या वेगळ्याच धावू लागल्या.

पण गुडघे झिजतात ना? आणि हृदयाचं काय?

हौशी धावणाऱ्यांचे गुडघे झिजतात याला मोठा पुरावा नाही. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याची किंवा खुब्याची झीज ३.५ टक्के होती, न धावणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के, आणि स्पर्धात्मक धावपटूंमध्ये १३.३ टक्के. मात्र हे आकडे सरसकट अल्ट्राला लावू नका. त्यातून इतकंच म्हणता येतं की बेताने धावणं गुडघ्याचं शत्रू नाही. वर्षाला सहा अल्ट्रा करणाऱ्याला ती खात्री मी देणार नाही.

हृदयाबद्दल अमेरिकेत २००० ते २०१० या काळात अर्ध आणि पूर्ण मॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख सहभागांचा हिशोब मांडला गेला. त्यात ५९ जणांचं हृदय बंद पडलं. धोका फार कमी आहे, पण शून्य नाही, आणि ज्यांचं पडलं त्यांच्यापैकी अनेकांना आधीपासून हृदयाचा आजार होता. चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल तर डॉक्टरांना भेटून मगच सराव सुरू करा. डेंगी, चिकुनगुन्या किंवा साध्या तापातून उठल्यावर लगेच लांब धावू नका. हे मी हात जोडून सांगते.

चाललं तर ती धाव कसली? थांबलं तर हार नाही का?

अल्ट्रामध्ये चढ बहुतेक सगळेच चालतात, पुढे असणारेसुद्धा. तीव्र चढावर पळण्याने वेग जेमतेम वाढतो आणि टोपली मात्र भराभर रिकामी होते. सपाटीलाही सुरुवातीपासून २५ मिनिटं धावून ५ मिनिटं चालावं. थकल्यावर चालायला लागलात तर पुन्हा धावणं होत नाही. ताजे असताना चाललात तर होतं.

थांबण्याबद्दल मात्र गंभीरपणे बोलायला हवं. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट आणि वादळी वारा सुरू झाला, आणि २१ धावपटू थंडीने गेले. त्यांत नावाजलेले धावपटू होते. म्हणून डोंगरातल्या शर्यतीत शिट्टी, पातळ जॅकेट, अंगाभोवती गुंडाळायची चकचकीत पन्नी, हेडलॅम्प ही यादी ओझं वाटली तरी उचलायची. शर्यत मध्येच सोडली तर खाली कसं आणणार, दोन थांब्यांमध्ये अंतर किती, डॉक्टर कुठे, हे आयोजकांना आधी विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर पैसे भरू नका.

वेदनाशामक गोळी खिशात ठेवू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि जे दुखणं थांबायला सांगत असतं ते झाकून टाकतात. शर्यतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर ते फुटलेल्या स्नायूंचं रक्तात आलेलं प्रथिन असू शकतं. रात्र काढू नका, तडक रुग्णालय गाठा.

त्या चौघांना मी शेवटी एकच काम दिलं आहे. येत्या शनिवारी २८, रविवारी १८, बोलता येईल अशा वेगाने, दर तासाला खात. सोमवारी सकाळी कठडा न धरता जिना उतरता आला आणि मंगळवारी पुन्हा धावावंसं वाटलं, तर चढाई आणि कटऑफ कागदावर मांडून मला फोटो पाठवायचा. मग आपण बसून फॉर्म भरू. उतरता आला नाही, तर पुढच्या हिवाळ्याचा. त्याला अजून पन्नास शनिवार आहेत.